एकसष्टावा कप

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगते. सगळेच असं सांगून सुरुवात करतात, ते मला माहीत आहे. इथले बरेच अनुभव मी वाचले आहेत, काही वाचून हसलेसुद्धा आहे. पण आमच्या घरात खरंच ते वातावरण नाही. आम्ही बौद्ध. वरळीला बीडीडी चाळीत राहतो. नवस, उतारा, दाराला लिंबू-मिरची, अमावास्येला बाहेर पडू नको — यातलं काही मी लहानपणापासून घरात ऐकलेलं नाही. पप्पा म्हणतात, माणसाला माणसांचाच त्रास पुरेसा असतो.

तरी हे लिहिते आहे. तीन-चार वेळा लिहून खोडलं. भीती वाटली म्हणून नव्हे... खरं तर भीती अशी फार वाटलीच नाही. थकवा आला. अजून तो गेलेला नाही, म्हणून लिहून टाकावं असं वाटलं.

मी तिसऱ्या वर्षाला आहे, इतिहास घेऊन. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. पप्पा माझगावला गोदीत कंत्राटावर आहेत, आई दादरला तीन घरी धुणी-भांडी करते. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या सरांनी विचारलं — गिरगावात एक वयस्कर बाई आहेत, त्यांच्याकडे जुन्या काचेच्या, चिनी मातीच्या आणि हातानं केलेल्या वस्तूंचा मोठा संग्रह आहे. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चालली आहे. त्याआधी सगळ्याची यादी करून हवी आहे, फोटोसकट. करशील का? त्यांचं वाक्य संपायच्या आतच मी हो म्हणाले. सर म्हणाले, काळजीपूर्वक कर, मी तुझ्याबद्दल शब्द दिलाय. त्यांच्या दृष्टीनं ते साधं वाक्य असेल. मी मात्र ते महिनाभर डोक्यावर घेऊन फिरले.

जागा नीट सांगते, कारण पुढे तिचा संबंध आहे. गिरगावातल्या एका वाडीतली चाळ. दुसरा मजला, जिना चढल्यावर डावीकडे चौथं दार. एकामागे एक अशा दोन खोल्या. आत यायला गॅलरीतलं एकच दार. दोन्ही खोल्यांना एकेक खिडकी आहे, पण दोन्हींना गज आहेत. संडास गॅलरीच्या टोकाला, सगळ्या बिऱ्हाडांना मिळून. मजल्यावरच्या बहुतेक खोल्यांना तेव्हा कुलपं लागली होती. राहत होते फक्त नलूताई आणि शेजारचे शशीकाका. नलूताईंच्या दाराशेजारी, बाहेरच्या भिंतीत, गुडघ्याएवढ्या उंचीवर एक कोनाडा आहे. तो पणतीसाठी असेल असं मला वाटलं होतं.

नलूताई ब्याऐंशी वर्षांच्या. शाळेत चित्रकला शिकवायच्या, लग्न केलं नाही. त्यांचे आजोबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, चार पिढ्या मुंबईत. मी त्यांना आजी म्हणायचे. संग्रह म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर काचेची कपाटं आणि लेबलं आली होती. इथे पलंगाखाली, माळ्यावर, शिलाई मशीनच्या मागे नुसती खोकी. कट ग्लासचे बाऊल, गुलाबदाण्या, लोणच्याच्या बरण्या, तळ उजेडात धरला की बाईचा चेहरा दिसतो असे जपानी कप. काचमण्यांची तोरणं, क्रोशाचे रुमाल, कुणाच्या तरी रुखवतात मांडलेला शिंपल्यांचा गणपती.

यातलं विकत काहीच घेतलेलं नव्हतं. "लोक वाडी सोडून डोंबिवलीला गेले, विरारला गेले," त्या म्हणाल्या. "जाताना म्हणायचे, नलू, हे तिकडे मावणार नाही आणि टाकवतही नाही. म्हणजे काय, नलूच्या डोक्यावर."

पहिला आठवडा फार चांगला गेला. काचेला नखानं टिचकी मारून आवाज कसा ऐकायचा, बरणीच्या तोंडाला साच्याची शिवण कशी शोधायची, क्रोशाचं टोक हातानं ओवलंय की मशीनवर, हे त्यांनी दाखवलं. मी चुकले की म्हणायच्या, "अगं, डोळे तुझे चांगले आहेत, माझे गेलेत. तू बघ की." त्यांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. वस्तू चेहऱ्याला चिकटवून बघायच्या.

दुसऱ्या दिवशी एका खोक्यात मला एक सुटा कप सापडला. पांढरा, पातळ, कडेखाली दोन निळ्या पट्ट्या, बशी नाही. एवढ्या सगळ्या वस्तूंत मला तोच सगळ्यात आवडला. का ते सांगता येत नाही. यादीत लिहिलं — कप, एक, निळ्या पट्ट्या, सुस्थितीत. मग त्याला टेबलावर बाजूला ठेवलं. मनात आलं होतं, काम संपलं की आजींना विचारायचं, हा मी घेऊ का...

आता चूक सांगते.

एक मोठं खोकं होतं, त्यात सोनेरी कडेचे पांढरे कप. साठ. सगळे अगदी एकसारखे. पहिल्या दिवशी हात बसावा म्हणून त्यातल्या नऊ कपांचे मी सगळ्या बाजूंनी फोटो काढले होते, सरांच्या कॅमेऱ्यावर. मग आजी म्हणाल्या, हे शेवटी बघू, आणि खोकं बाजूला राहिलं.

दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी सकाळी डबा भरताना आई सहज बोलून गेली की एका घरी तिला दिवाळीचा नवीन कप दिलाय चहाला. बरं झालं म्हणे, जुन्याचा कान तुटला होता. मी विचारलं, तुझा कप वेगळा असतो? आई म्हणाली, असतो की, खाली नेलपॉलिशचा ठिपका लावलाय, मिसळायला नको म्हणून. एवढं बोलून तिनं डब्याला फडकं बांधलं. तिला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. मला मात्र बसमध्ये पूर्ण वेळ तो ठिपका दिसत राहिला.

दुपारी आजी झोपल्या. मी म्हटलं, राहिलेलं खोकं संपवून टाकू. पहिला कप पालथा केला — बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका. दुसरा... तिसरा... सगळ्यांना. पहिल्या दिवशीही मी हे पाहिलं होतं, पण तेव्हा काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं. साठ कप. मनात एकच आलं — एवढ्या माणसांना या लोकांनी वेगळं ठेवलं होतं? आणि मी इथे बसून त्या कपांचं माप घेते आहे?

आता हसू येतं. एका चाळीतल्या खोलीला वेगळे साठ कप कशाला लागतील? पण तेव्हा डोकं चालत नव्हतं. खाली दुकानातून रिमूव्हरची बाटली आणि कापूस आणला आणि दोन तास बसून सगळ्या कपांची बुडं पुसली. कुणाला एक ठिपका होता, कुणाला दोन, कुठे रेघ, कुठे फुली. ते मला दिसत होतं. मी बघितलं नाही.

निळ्या पट्ट्यांच्या कपाला खूण नव्हती. त्याला हात लावला नाही.

गुरुवारी आजींनी मला जवळ बसवलं. दुसऱ्या दिवशी एका डोळ्याचं ऑपरेशन होतं. त्यांचा भाचा सकाळी येऊन घेऊन जाणार होता आणि किल्ली माझ्याकडे राहणार होती. त्या म्हणाल्या, आता ते सोनेरी कडेचे कप काढ. बुडाला खुणा आहेत, त्याप्रमाणे लावून ठेव.

मग सांगायला लागल्या. त्यांच्या वेळी लग्नाला हॉल नव्हता, मांडव वाडीतच. एका घरात एवढे कप कुठून येणार? म्हणून मजल्यावरच्या सातही बिऱ्हाडांनी ठरवून एकाच दुकानातून एकसारखे कप घेतले, मांडवात शोभून दिसावेत म्हणून. कार्य झालं की ज्याचे त्याला परत. पण ओळखायचे कसे?

"पूर्ण वाडीत नेलपॉलिशची बाटली एकच, माझी," आजी म्हणाल्या. "हौसेनं आणली होती. एक दिवस लावली नखांना. बाकीची सगळी या कपांच्या बुडाला गेली."

शेवटच्या लग्नानंतर कप धुवायला म्हणून त्यांच्याकडे आले आणि राहूनच गेले. लोक एकेक करून वाडी सोडून गेले. येत्या रविवारी मजल्यावरच्या सगळ्या जुन्या बिऱ्हाडांना त्यांनी बोलावलं होतं, शेवटचं. प्रत्येकाचे कप प्रत्येकाच्या हातात द्यायचे होते. बाकीचं सामान विकलं गेलं काय किंवा फुटलं काय, त्यांना त्याचं काही नव्हतं.

"एवढं झालं की मी सुटले," त्या म्हणाल्या.

मी "हो आजी" म्हटलं. 

शुक्रवारी साडेदहाला मी कुलूप उघडून आत गेले. पुढच्या खोलीत चटई पसरली, साठच्या साठ कप त्यावर काढले आणि एकेक कप खिडकीशी नेऊन तिरका धरून बघू लागले, पुसलेल्या जागी काही डाग राहिलाय का. काही नव्हतं. रिमूव्हरनं काम चोख केलं होतं. दोन तास तेच करत होते. शेवटी कप चटईवर कसेही पडलेले, आणि मी भिंतीला टेकून बसलेले. रडले नाही. नुसती बसून राहिले. सरांचा शब्द, आजींचा रविवार... आणि खुणा का पुसल्या हे आजींना सांगायचं म्हणजे आईचा कपही सांगावा लागणार, हे सगळ्यात नको वाटत होतं.

मग उठले. टोकाला जाऊन आले, तर नळाला पाणी नव्हतं. शशीकाका त्यांच्या दारात होते. म्हणाले, माझ्या पिंपातून बादली भरून घे. मी दाराला कुलूप लावलं होतं, किल्ली कुर्त्याच्या खिशात. बादली भरत होते तेवढ्यात काकांनी मान वर केली.

"आत कोण आहे गं?"

मी म्हटलं, कुणी नाही.

"मग कपबश्या वाजतायत त्या?"

मलाही ऐकू येत होतं. भिंतीपलीकडून, सावकाश — कप कपाला लागल्यावर येतो तसा बारीक आवाज. घाई नाही, आपटणं नाही. सवयीच्या हातानं काम चाललं असावं तसा. काका म्हणाले, मांडवाच्या आदल्या दिवशी असाच आवाज असायचा या मजल्यावर. आणि परत पेपर वाचायला लागले. ते ऐंशीच्या पुढचे आहेत, त्यांना आश्चर्य वाटायचं बहुतेक थांबलंय.

मी बादली तिथेच ठेवली. कुलूप जागेवर होतं. उघडलं.

चटईवर कप रांगांत लावलेले होते. सात रांगा. सगळे पालथे, सगळ्यांचे कान खिडकीकडे.

कुलूप लावून जाऊन परत येईपर्यंत फार तर बारा मिनिटं झाली असतील. खोलीत कुणी नव्हतं. मी पलंगाखालीसुद्धा पाहिलं, दोन्ही खिडक्या पाहिल्या. गज शाबूत. काका पूर्ण वेळ माझ्यासमोर होते.

विचित्र वाटेल, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो मोजायचा. रांगा सारख्या नव्हत्या. अकरा, सहा, नऊ, बारा, बारा, सात, तीन. साठ. मग टेबलाकडे लक्ष गेलं. निळ्या पट्ट्यांचा कप तिथे नव्हता.

तो फुटला असेल या भीतीनं मी तासभर शोधलं. सगळी खोकी, मोरी, कपाट. शेवटी शशीकाकांकडे राहिलेली बादली घेऊन आले आणि ती दाराशी ठेवायला वाकले, तेव्हा दिसला. दाराबाहेरच्या त्या कोनाड्यात. एकटा. हा मात्र पालथा नव्हता, सुलटा होता.

मी तो उचलला नाही. का ते तेव्हा सांगता आलं नसतं. हात पुढे गेला आणि थांबला. कुलूप लावलं, भाच्यासाठी किल्ली शशीकाकांकडे दिली आणि घरी निघून आले.

संध्याकाळी मी मागितल्यावर सरांनी पहिल्या दिवशीचे फोटो पाठवले. नऊ कपांच्या बुडाचे, खुणांसकट. भट्टीत राहिलेले काळे कण, कडेचे टवके नीट दिसत होते, त्यावरून तेच नऊ कप ओळखता येणार होते.

शनिवारी सकाळी आजी खुर्चीत बसल्या होत्या, एका डोळ्यावर पट्टी. रात्री आल्यावर भाच्यानं त्यांना सरळ मागच्या खोलीत झोपवलं होतं. कप त्यांनी पाहिले नव्हते. मी आधी फोटो ताडून बघितले. नऊच्या नऊ. एकाच खुणेचे कप एकाच रांगेत. एकही इकडचा तिकडे नाही.

मग त्यांच्यासमोर चटईवर बसले आणि म्हटलं, "आजी, मी खुणा पुसल्या."

"का गं?"

सांगितलं. आईचा कप, बसमधला विचार, सगळं. सांगताना चटईकडेच बघत होते. मग शुक्रवारचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "रांगेत किती किती आहेत, वाच."

"अकरा."

"शिरोडकर. पहिलं दार. एक वासूच्या मुंजीत फुटला."

"सहा."

"दुसरं दार. त्यांना सहाच परवडले होते, पण बशा सगळ्यात जास्त घासून द्यायची ती माणसं."

"नऊ..."

"तिसरं."

चौथी रांग बारांची. ती त्यांची, चौथं दार. पुढचे बारा शशीकाकांचे. सात सहाव्या दाराचे. शेवटचे तीन मोघ्यांचे — "आणले होते डझनभर. भांडणात कप फेकायचे. तीन उरले हेच नवल."

रांगा दारांच्या क्रमानं होत्या. जिन्यापासून टोकापर्यंत. हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

मला वाटलं, संपलं. मोकळं वाटायला हवं होतं, थोडं वाटलंही. मग सांगितलं की निळ्या पट्ट्यांचा कप टेबलावरून बाहेर गेलाय, दाराशेजारच्या कोनाड्यात आहे.

आजींचा हात खुर्चीच्या दांड्यावर होता, तो तिथेच राहिला.

"तो बाईचा कप," त्या म्हणाल्या. "जिना झाडायला यायची तिचा. तिथेच असायचा. आई वरून चहा ओतायची. आई आजारी पडली तेव्हापासून मी ओतायचे."

"तुम्ही?"

"मी. शाळेत मुलांना समानता शिकवून घरी यायचे आणि वरून ओतायचे."

मी विचारलं, तिचं नाव काय होतं? आजींनी आठवायचा प्रयत्न केला. बराच वेळ. कुणाचा कप कुणाच्या मुंजीत फुटला हे सांगणाऱ्या आजींना तिचं नाव आठवलं नाही. म्हणाल्या, सगळे बाईच म्हणायचे.

मला रागही येत नव्हता. बुधवारी साठ कपांवर मी तो सगळा वापरून टाकला होता, आणि ज्या कपावर यायला हवा होता तोच मी घरी न्यायला निघाले होते.

त्या म्हणाल्या, आत आण तो. मी म्हटलं, आजी, मी नाही आणणार. पहिल्यांदाच त्यांना नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि स्वतः उठल्या. गुडघे धरत, भिंतीला हात लावत गॅलरीत गेल्या. एक डोळा बंद, दुसऱ्यात मोतीबिंदू. घरात त्यांना चष्मा चाचपडून शोधावा लागायचा. इथे त्या वाकल्या आणि हात सरळ कपावर गेला. चाचपडल्या नाहीत.

तो त्यांनी मोरीत धुतला, पदरानं पुसला आणि चौथ्या रांगेच्या टोकाला ठेवला.

"यादीत लिही, आमचे तेरा."

लिहिलं.

रविवारी माणसं आली. विरारहून, डोंबिवलीहून, एक जण पनवेलहून. खूप हसणं झालं. मोघ्यांचा मुलगा — आता साठीचा — तीन कप बघून म्हणाला, आमच्याकडे एवढी शांतता होती असं मला वाटलं नव्हतं. शिरोडकरांची सून एक कप हातात घेऊन कडेचा टवका बोटानं चाचपत होती. म्हणाली, हा सासूबाईंनी माझ्यासमोर नळाला आपटला होता, नवीन नवरी होते, मीच केला असं सांगितलं मी. कप ज्याचे त्याच्याकडेच गेले होते. कुणालाच शंका आली नाही. आजी सगळ्यांना दोन्ही हातांनी कप देत होत्या. पुसलेल्या खुणांबद्दल त्यांनी कुणाला अक्षर सांगितलं नाही. मी त्यांच्याकडे बघत होते, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

पण त्या दिवशी सकाळी, माणसं यायच्या आधी, मी जिना चढून आले तेव्हा तो कप परत कोनाड्यात होता.

आजींना सांगितलं. त्या उठल्या, जाऊन आत आणला, धुतला, रांगेत ठेवला. सोमवारी परत बाहेर. मंगळवारी परत. दर वेळी सुलटा. दर वेळी त्याच उठल्या. मी एकदा म्हटलं, आज मी आणते, गुडघे दुखतात तुमचे. म्हणाल्या, "नको. तू कशाला."

घरी आईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "तो बाहेर जातो याचं तुला नवल वाटतंय? मला तर आत कसा येतोय याचं वाटलं असतं." मग जरा वेळानं म्हणाली, त्या बाईला गुडघ्यांना तेल लावायला सांग.

बुधवारी टेम्पो आला. विकायच्या वस्तू एकीकडे, ठाण्याला भाच्याकडे न्यायच्या दुसरीकडे. त्यांचे बारा कप खोक्यात गेले. तेरावा त्यांनी पॅक करू दिला नाही. टॅक्सीत मांडीवर घेऊन बसल्या, रुमालात गुंडाळून. मी यादीची फाईल दिली. त्या म्हणाल्या, चांगलं काम केलंस. मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं.

मी खूप विचार केला आहे. नंतरच्या दिवसांबद्दल काहीतरी सांगता येईल — आजीच झोपेत उठत असतील, मन खात असेल, ठेवत असतील. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, असेलही, मला माहीत नाही. पण शुक्रवारचं काय? त्या हॉस्पिटलात होत्या, किल्ली माझ्या खिशात होती, काका माझ्यासमोर होते, आणि कपांवर एकही खूण नव्हती. पुसणारी मीच. मित्रमैत्रिणींना सांगितलं तर म्हणाले, तूच लावले असशील, ताणात होतीस, आठवत नसेल. मी तेही मानायला तयार आहे. पण मला ती सात घरं माहीत नव्हती. तो कोनाडा कशासाठी होता, हेही माहीत नव्हतं.

ज्यानं कुणी ते लावलं, त्यानं माझी चूक निस्तरली, आजींचा रविवार वाचवला. मी त्याचे आभार मानायला हवेत. मानता येत नाहीत. त्या बारा मिनिटांत साठ कप घरोघर पोचवणाऱ्या हाताला तो एक कपही आत ठेवता आला असता. याचं स्पष्टीकरण मला कुणाकडे मागावं तेही कळत नाही. इथे कुणाला काही सुचलं तर सांगा, पण मला वाटत नाही सुचेल.

गेल्या महिन्यात आजींना फोन केला होता. दुसरा डोळाही झालाय, आता पेपर वाचतात. नववा मजला, लिफ्ट आहे, संडास घरात. थोडं इकडचं तिकडचं झालं. मग मी विचारलं, कप कसा आहे?

"आतच आहे," त्या म्हणाल्या. "त्यातूनच चहा घेते मी. पण रोज सकाळी उठून आधी दार उघडून बघावं लागतं."